रात्रपाळीनंतरचे हक्काचे सात तास

प्रश्न: मी रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वय ३६. दीड वर्षापासून कायमची रात्रपाळी, रात्री १० ते सकाळी ६, सलग पाच रात्री आणि मग दोन दिवस सुट्टी. पावणेसातला स्कूटरवरून घरी पोचते. दोन्ही मुलांची शाळेची तयारी आणि घरातलं आवरून आडवी होते तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. एक-दीडला जाग येते, मग काही केल्या डोळा लागत नाही. सुट्टीचे दोन दिवस मात्र घरच्यांसारखीच रात्री अकराला झोपते आणि सकाळी सहाला उठते. रात्रभरात चार-पाच कप कॉफी होते, शेवटचा पहाटे पाचला. दोन वाजता पोटभर जेवते. वजन सात किलोंनी वाढलंय, छातीत जळजळ होते. मुलांवर ओरडते आणि नंतर स्वतःच रडत बसते. गेल्या महिन्यात पहाटे चारच्या सुमारास दोन नमुन्यांच्या लेबलांची अदलाबदल केली. सहकाऱ्याच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. एकदा स्कूटर चालवताना डुलकीही लागली. सासूबाई म्हणतात, दिवसभर घरीच तर असतेस. सगळे म्हणतात सवय होईल, ती कधी होणार? झोपेची गोळी सुरू करू का? की माझं मनच कमकुवत आहे?

उत्तर:

ताई, पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. स्कूटर चालवताना डुलकी लागली. बाकीचं सगळं पुढच्या काही आठवड्यांत बसवता येईल, हे मात्र उद्या सकाळपासून बदला.

हिशेब साधा आहे. तुम्ही दुपारी दीडला उठता आणि सकाळी सव्वासहाला स्कूटर सुरू करता, म्हणजे तेव्हा तुम्हाला जागून जवळजवळ १७ तास झालेले असतात. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि मेंदू किती मंदावतात, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोजलं होतं. रक्तात ०.०५ टक्के दारू असताना जितके मंदावतात, तितकेच. अनेक देशांत वाहन चालवण्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा हीच आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी, जी लागून गेल्याचं पुष्कळदा आपल्याला कळतही नाही, म्हणजे डोळे मिटून ५५ मीटर. तोंडावर वारा घेऊन, गाणी लावून किंवा स्वतःशी बोलून झोप हटत नाही. आपण जागे आहोत असा भास तेवढा होतो, आणि तोच घात करतो.

म्हणून पाळी संपली की लगेच निघू नका. विश्रांतीच्या खोलीत २० मिनिटांचा गजर लावून पडा. झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडा. उठल्यावर तोंड धुऊन दहा-पंधरा मिनिटं हिंडाफिरा, मगच किल्ली हातात घ्या. डुलकी २० मिनिटांपेक्षा लांबवू नका, कारण त्यापुढे झोप गाढ होत जाते आणि त्यातून उठवलं की अर्धा तासही डोकं जड राहू शकतं. पाळीच्या चौथ्या आणि पाचव्या रात्रीनंतर, जेव्हा झोपेची उधारी सगळ्यात जास्त साठलेली असते, शक्य असेल तर स्कूटर चालवूच नका. बस, रिक्षा, सहकाऱ्याची गाडी, काहीही चालेल. लागोपाठ जांभया येत असतील, किंवा मागचा चौक कधी ओलांडला ते आठवत नसेल, तर तिथेच बाजूला थांबायचं. घर दोन मिनिटांवर असलं तरी.

आता मन कमकुवत असण्याबद्दल. तसं काहीही नाही. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. रात्री झोपणाऱ्या माणसाच्या शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली जातं आणि त्याच वेळी लक्ष, हाताची अचूकता, निर्णय, सगळंच तळाला असतं. तुमची लेबलं चारला बदलली, यात नवल नाही. पुढे उजाडायच्या सुमाराला कॉर्टिसोल, म्हणजे शरीराला जागं करणारं संप्रेरक, चढू लागतं आणि तापमानही वाढत जातं. तुम्ही साडेनऊला आडव्या होता तेव्हा शरीर पुरतं जागं झालेलं असतं. थकव्याच्या जोरावर चार तास झोप मिळते, आणि थकवा जरा उतरला की घड्याळ तुम्हाला उठवतं. दुपारी एकला येणारी जाग ती हीच.

सवयीचं खरं उत्तर जरा कडू आहे. कायमची रात्रपाळी करणाऱ्यांपैकी ज्यांचं घड्याळ पूर्ण उलटं फिरतं, असे लोक शंभरात तीनही नसतात. घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं. पाच रात्रींत ते जेमतेम काही तास पुढे जायचं, तेही सकाळच्या उन्हातून घरी येताना रोज मागे ओढलं जातं. त्यात दोन सुट्ट्यांना तुम्ही अकरा ते सहा झोपलात की होतं नव्हतं ते पुसलं जातं. पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून. दीड वर्षात सवय झाली नाही ती यामुळे, आणि असंच चालू ठेवलं तर आणखी पाच वर्षांनीही होणार नाही.

पूर्ण उलटं होणं जमत नाही, तर मधली वाट धरायची. शरीराचा तो पहाटेचा तळ सरकवून सकाळी नऊ-दहाच्या आसपास आणायचा, म्हणजे तो तुमच्या दिवसाच्या झोपेत पडेल. त्यासाठी पाळीच्या दिवसांत झोप सकाळी साडेसात ते दुपारी अडीच. सुट्टीच्या दिवसांत रात्री तीन ते सकाळी साडेदहा-अकरा. दोन्हीकडे साडेसात ते साडेदहा हे तीन तास समान आहेत, आणि आठवड्याचे सातही दिवस ते झोपेचेच राहतील एवढं पाहिलंत तरी घड्याळाला धरायला खुंटी मिळते. शेवटच्या रात्रीनंतरच्या सकाळी मात्र पूर्ण सात तास झोपू नका. साडेअकरा-बारापर्यंतच झोपा, नाहीतर त्या रात्री तीनलाही झोप येणार नाही. आणि सुट्टी संपून ज्या रात्री पुन्हा कामावर जायचं, त्या संध्याकाळी साडेसहा ते आठ अशी दीड तासाची झोप काढा. ती सगळ्यात अवघड रात्र असते, कारण त्या दिवशी सकाळी उठल्यापासून तुम्ही जाग्याच असता.

यात सुट्टीच्या दिवशीच्या सकाळी मुलांबरोबर मिळत नाहीत, हे खरंच आहे. दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचं जेवण मात्र मिळतं, आणि चिडचिड न करणारी आई मिळते. माझ्या मते हा सौदा करण्यासारखा आहे.

पण साडेसातला झोपायचं तर मुलांची शाळेची तयारी दुसऱ्या कोणी करायला हवी, आणि खरी अडचण इथेच आहे. पत्रात तुम्ही यजमानांचा उल्लेखही केला नाही, म्हणून विचारते: ते सकाळी घरी असतात का? असतील तर मुलांना उठवण्यापासून दाराबाहेर पाठवण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे द्या. अर्धंमुर्धं देऊ नका, कारण 'फक्त अमुक तेवढं बघ' म्हणत तुमचे दोन तास जातात. तुम्ही आल्यावर मुलांना जवळ घ्या, वीस मिनिटं बोला, आणि खोलीत जा. सासूबाईंना समजवताना वाद घालू नका, घड्याळ दाखवा. घर रात्री अकरा ते सकाळी सहा झोपतं, तुम्ही साडेसात ते अडीच. म्हणजे तुमचे सकाळचे साडेदहा हे घरातल्यांचे रात्रीचे दोन. रात्री दोन वाजता ज्या कारणासाठी त्यांना उठवणार नाही, त्या कारणासाठी साडेदहाला तुम्हाला उठवू नये. एवढं एक वाक्य दारावर चिकटवलं तरी चालेल.

हे अजिबातच जमण्यासारखं नसेल तर झोप दोन तुकड्यांत घ्या: सकाळी सव्वाआठ ते दुपारी एक, आणि संध्याकाळी सात ते साडेआठ. बेरीज सव्वासहा तासांची होते. सलग सात तासांइतकं हे चांगलं नाही, पण सध्याच्या चार तासांपेक्षा कितीतरी बरं. शिवाय संध्याकाळच्या झोपेमुळे सकाळी स्कूटरवर बसताना तुमचं जागरण १७ तासांवरून दहा तासांच्या आत येतं.

वेळा बदलल्या आणि उजेड तसाच राहिला तर घड्याळ हलणार नाही. तळाच्या आधी डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ पुढे ढकलतो, तळानंतर पडलेला मागे ओढतो. यातच सगळी गोम आहे. म्हणून पाळी सुरू झाल्यापासून चारपर्यंत लॅबमधल्या सगळ्यात प्रखर दिव्याजवळ बसा, आणि काम दुसरीकडे असेल तर दर तासाला पंधरा मिनिटं तरी तिथे या. त्यानंतर, नमुने हाताळण्याची जागा सोडून इतरत्र, उजेड कमी करा. काम करण्याच्या टेबलावरचा दिवा मात्र कधीही मंद करू नका. घरी येताना दुसरं कोणी गाडी चालवत असेल तर गडद चष्मा लावा. स्वतः चालवत असाल तर नको, कारण अंधारलेल्या काचेआड झोप आणखी येते. तेव्हा हेल्मेटला पुढे छज्जा असेल तर तेवढ्यावर भागवा. घरात शिरलात की पडदे ओढलेले असू द्या. दुपारी उठल्यावर मात्र पंधरा-वीस मिनिटं बाहेर उन्हात जा. दिवसा झोपणाऱ्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व पुष्कळदा कमी सापडतं, त्यालाही थोडा हातभार लागतो.

खोलीबद्दल थोडक्यात: हात पुढे धरला तर दिसू नये इतका अंधार. पडदा पुरत नसेल तर काचेला जाड काळा कागद लावा, किंवा डोळ्यांवर पट्टी बांधा. खोली गार हवी. पंख्याचा एकसुरी आवाज चांगला, तो बाहेरचे तुटक आवाज झाकतो. दाराची घंटा बंद. फोन खोलीबाहेर, फक्त शाळेचा आणि घरच्यांचा नंबर वाजेल अशी सोय करून.

कॉफीचा तुमचा शेवटचा कप पाचला होतो. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सकाळी दहालाही त्यातलं निम्मं तुमच्या अंगात असतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर याहूनही जास्त वेळ लागतो. झोपेआधी सहा तास घेतलेल्या मोठ्या मात्रेनेही झोप तासाभराने कमी झालेली प्रयोगांत दिसली आहे. कॉफी सोडायची गरज नाही, ती लवकरच्या वेळेत घ्या. दिवसभरात ४०० मिलिग्रॅम कॅफीन ही निरोगी प्रौढांसाठीची वरची मर्यादा, आणि एका कपात ढोबळमानाने ८० ते १०० मिलिग्रॅम असतं. एक कप साडेदहाला, एक बाराला, लागलाच तर अर्धा दीडला, आणि तिथे थांबायचं. पहिले तीन-चार दिवस पहाटे जड जातील, डोकंही दुखेल. त्या वेळी उठून चाला, गार पाणी प्या. पहाटे तीनच्या सुट्टीत वीस मिनिटं आडवं होता आलं तर त्या वेळी कॉफीपेक्षा ते कितीतरी कामी येतं.

दोन वाजताचं पोटभर जेवण ही वजनाची आणि जळजळीची दोन्हीची जागा आहे. रात्री तेच अन्न खाल्लं तरी रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढते आणि उतरायला वेळ लावते, कारण स्वादुपिंड आणि स्नायू त्या वेळी विश्रांतीवर असतात. पोटातलं आम्लही रात्रीच्या पूर्वार्धात जास्त पाझरतं, त्यावर कॉफी, आणि मग थकून टेबलावर डोकं टेकणं. जळजळ होणारच. मुख्य जेवण कामावर जाण्याआधी, आठच्या सुमारास करा. बारा-साडेबाराला हलकं काही, मूठभर दाणे, उकडलेलं अंडं, फळ, दही, असं. दोन ते पाच शक्यतो फक्त पाणी. घरी आल्यावर भुकेने झोपमोड होऊ नये एवढंच खा, ताटभर नको. डोकेदुखीवर उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर जळजळीचं एक कारण तेही असेल. महिनाभर वेळा बदलूनही जळजळ राहिली, गिळताना अडकायला लागलं किंवा शौचाला काळी झाली तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

झोपेची गोळी आत्ता नको. तिने झोप येईल, पण घड्याळ हलणार नाही. शिवाय बऱ्याच गोळ्यांची गुंगी उठल्यावरही रेंगाळते, आणि तुमच्या हातात सुया नि नमुने असतात. सर्दी-अ‍ॅलर्जीची झोप आणणारी गोळी हाही तोच प्रकार. मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, वेगळं आहे. झोपण्याआधी अल्प मात्रेत घेतल्यास दिवसाची झोप सरासरी वीस-पंचवीस मिनिटांनी लांबते, एवढाच त्याचा आवाका. आधी वेळा आणि उजेड सहा आठवडे नीट पाळून बघा, मग गरज वाटली तर डॉक्टरांना विचारून घ्या. झोपण्यासाठी दारूचा आधार कोणी सुचवला तर ऐकू नका. तिने डोळा लवकर लागतो आणि दोन-तीन तासांत उघडतो.

मुलांवर ओरडणं आणि मागून रडणं, यातलं बरंचसं चार तासांच्या झोपेचं देणं आहे. झोप अपुरी असली की भावना उसळवणारा मेंदूचा भाग जोरात चालतो आणि त्याला आवर घालणारा पुढचा भाग दुबळा पडतो. झोप सहा-सात तासांवर आली की दोन-तीन आठवड्यांत यात फरक दिसायला हवा. तोवर कामावरून आल्याबरोबर आणि कामाला निघायच्या आधी कुठलाही घरगुती निर्णय किंवा हिशेब काढू नका. मात्र झोप सुधारूनही दोन आठवडे रोजच मन उदास राहिलं, कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर ते नैराश्य असू शकतं. रात्रपाळीत त्याचं प्रमाण जास्त असतं आणि त्यावर उपचार आहेत. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर आठवडा संपायची वाट पाहू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

लॅबमधलं एक. लेबल लावणं, नोंद जुळवणं अशी बारीक आणि कंटाळवाणी कामं तीनच्या आधी उरकतील असा क्रम लावा. तीन ते सहामध्ये आलेल्या प्रत्येक नमुन्याचं लेबल रुग्णासमोरच किंवा नमुना हातात असतानाच लावायचं, नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने ऐकून होकार द्यायचा. हा नियम सगळ्या पाळीसाठी मागून घ्या, एकट्या तुमच्यासाठी नको. चारची चूक ज्याच्या हातून होते त्याची एकट्याची ती नसते.

आणि तपासण्या. रक्तदाब, कंबरेचा घेर, कोलेस्टेरॉल, साखर, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व वर्षातून एकदा बघा. तुम्ही लॅबच्याच, त्यामुळे पाळी संपता संपता स्वतःचं रक्त काढून टाकायचा मोह होईल. दोन वाजता काही खाल्लं असेल तर सहाचा नमुना उपाशीपोटीचा नाही. साखरेसाठी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) जास्त विश्वासाचं, कारण ते त्या रात्रीच्या खाण्यावर अवलंबून नसतं. थायरॉईडला चालना देणारं टीएसएच हे संप्रेरक रात्री वाढतं आणि जागरणाने आणखी वाढतं, त्यामुळे पाळीनंतरचा किंचित वाढलेला आकडा पाहून थायरॉईडची गोळी सुरू करू नका. सुट्टीच्या दिवशी झोपून उठल्यावर पुन्हा तपासा. सकाळच्या कॉर्टिसोलचंही तसंच. रक्तदाबसुद्धा झोप झाल्यावर मोजा.

कर्करोगाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण या कामात आहात म्हणजे कानावर आलं असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक', गट २-अ असं म्हटलं आणि २०१९ मध्ये तेच कायम ठेवलं. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. लाल मांसही त्याच गटात आहे. हृदयविकार आणि मधुमेहाचा धोकाही काही प्रमाणात वाढतो, आणि वर्षं साचत जातात तसा वाढत जातो. म्हणून रात्रपाळी आयुष्यभरासाठी धरून चालू नका.

आज वहीत तारीख लिहा आणि तीन महिने मोजा. रोज किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, गाडीवर पेंग आली का, एवढंच एका ओळीत. तीन महिन्यांनीही झोप सहा तासांच्या खाली असेल किंवा कामावर पेंग येतच असेल, तर या त्रासाला वैद्यकात नावच आहे, पाळीच्या कामामुळे होणारा निद्राविकार, आणि ते निदान लेखी मिळू शकतं. याआधी कधी फिट आली असेल, द्विध्रुवी (बायपोलर) विकार असेल, इन्शुलिन चालू असेल किंवा गरोदर असाल, तर तीन महिने थांबूच नका, आधी डॉक्टरांशी बोला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९० च्या रात्रपाळीविषयक करारात, क्रमांक १७१, रात्री काम करणाऱ्याला विनाशुल्क आरोग्यतपासणी आणि आरोग्याच्या कारणाने रात्रपाळी झेपत नसेल तर शक्य तिथे दुसरं मिळतंजुळतं काम, अशा दोन्ही गोष्टी आहेत. तुमच्या देशाने तो स्वीकारला असो वा नसो, अर्जात मागणी करायला तो नमुना म्हणून उपयोगी पडतो. थेट दिवसपाळी मिळत नसेल तर निदान सलग पाचऐवजी तीन रात्री आणि दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तास मागा. पाळ्या फिरत्या करायच्या म्हणाले तर सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने मागा, उलट्या क्रमाने नको, कारण घड्याळाला मागे येण्यापेक्षा पुढे सरकणं सोपं जातं. अर्जाला वहीतली पानं, डॉक्टरांचं पत्र आणि लेबलांच्या त्या प्रसंगाची तारीख-वेळ जोडा. पहाटे चार ही वेळ त्यात ठळक लिहा.